तिसरी किल्ली

किल्लीकाकांच्या दुकानात पाऊल टाकलं की पहिल्यांदा नजरेत भरायची ती भिंतीवरची फळी. दुकान म्हणजे तरी काय, दोन इमारतींमधल्या बोळाला दार लावलेलं. एक माणूस आत आला की दुसऱ्याने बाहेर थांबायचं. फळी मात्र ऐसपैस होती. तिच्यावर रांगेने खिळे, प्रत्येक खिळ्याला एक किल्ली आणि किल्लीला पत्र्याचा नंबरवाला बिल्ला. नाव नाही, पत्ता नाही. कुठला नंबर कुठल्या दाराचा हे फक्त काकांच्या डोक्यात, आणि काकांचं डोकं एकदम बिनचूक आहे, असं खुद्द काकाच सगळ्यांना सांगत.

नव्या लॅचच्या खोक्यात तीन किल्ल्या येतात. काका कुलूप बसवून झालं की दोन गिऱ्हाइकाच्या हातात ठेवत आणि तिसरी स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकत. "ही माझ्याकडे राहू द्या," असं म्हणत, "बाहेर अडकलात की माझी आठवण काढाल." आणि लोक काढायचेच. कुणी दूध घ्यायला खाली उतरायचं आणि मागे दार ओढलं जायचं. कुणाची किल्ली दुसऱ्या पर्समध्ये राहायची. एक प्रोफेसर तर महिन्यातून दोनदा घरच्या चपलांनिशी दुकानासमोर उभे राहायचे. काका फळीवरची किल्ली काढून देत, काम भागे, आणि संध्याकाळपर्यंत किल्ली परत खिळ्यावर येई. चाळीस वर्षांत या फळीमुळे कुणाची टाचणीसुद्धा गेली नव्हती. आसपासच्या चार गल्ल्या काकांना मानत, आणि खरं सांगायचं तर त्या चार गल्ल्यांपेक्षा काका स्वतःला जरा जास्तच मानत.

त्यामुळे गेल्या वर्षी महिला केंद्राच्या ताई दुकानाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा काकांना त्याचं नवल वाटलं नाही. ताईंचं म्हणणं असं होतं की घरात मार खाणारी बाई केंद्रापर्यंत पोचते ती फार उशिरा. त्याआधी ती औषधाच्या दुकानात मलम मागते, शिवायला टाकलेल्या ब्लाउजची बाही लांब करून मागते. म्हणजे आधी कळतं ते गल्लीला. तेव्हा गल्लीनेच केंद्राच्या बरोबरीने उभं राहायचं. औषधवाल्या बाई तयार झाल्या होत्या, शिवणाऱ्या मावशी तयार होत्या, चौकीवरच्या पोलीसबाईही यायच्या होत्या. आता असा कुलूपवाला हवा होता, जो निरोप मिळाल्यावर तासाभरात जाऊन दाराचं कुलूप बदलून देईल.

"नवऱ्याला बाहेर काढलं तरी त्याच्या खिशात घराची किल्ली असतेच ना, काका," ताई म्हणाल्या.

"तास कशाला? अर्ध्या तासात जातो," काका म्हणाले.

मग दोन दुपारी केंद्रात सगळ्यांची शिकवणी झाली. बाईला उलटसुलट प्रश्न विचारायचे नाहीत, तिचा पत्ता कुणाला सांगायचा नाही, समेट घडवायला जायचं नाही, असं बरंच काही. किल्ल्यांबद्दलही ताई बोलल्या. सगळ्या किल्ल्या बाईच्या हातात द्यायच्या, आणि मोजून द्यायच्या. काका त्या वेळी खिडकीच्या कडीकडे बघत होते. ती खिळखिळी झाली होती, आणि आपल्या धंद्यातलं आपल्यालाच कोण शिकवणार, असं त्यांना वाटत होतं. शिकवणी संपल्यावर त्यांनी ती कडी दोन मिनिटांत घट्ट करून दिली. सगळ्यांनी कौतुक केलं. काकांनी दुकानाच्या काचेवर केंद्राचं जांभळं स्टिकर लावलं आणि ते सरळ लागलंय का हे रस्ता ओलांडून पलीकडून दोनदा पाहिलं.

वर्षभरात अकरा दारं झाली. त्यातलं नववं शाळेतल्या ग्रंथपालबाईंचं. बाई सडपातळ, चष्मा लावणाऱ्या, बोलणं मोजकं. काका दाराशी खटपट करत होते तेव्हा त्या लॅचचं रिकामं खोकं हातात घेऊन त्यावरचं सगळं वाचत बसल्या होत्या. कुलपाच्या खोक्यावर वाचण्यासारखं काय असतं देव जाणे, पण ज्याची त्याची सवय. बाईंचा ओठ सुजला होता. अशा बाईशी थट्टा कशी करायची, म्हणून काकांनी आपलं ते नेहमीचं वाक्य गिळलं. दोन किल्ल्या त्यांच्या हातात ठेवल्या. तिसरी काहीही न बोलता शर्टाच्या खिशात गेली आणि दुसऱ्या दिवशी फळीवर, नंबर एकशे त्रेपन्न.

बाईंचा नवरा दुकानात आला तो त्यानंतर चार महिन्यांनी, एका मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमाराला. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. आधी दुकान कसं चालतंय ते विचारलं, फळीचं कौतुक केलं.

"तुमच्या या फळीबद्दल ऐकून होतो," तो म्हणाला. "ग्रंथपालबाईंच्या घराची पण असेल ना? मी त्यांचा मिस्टर."

आता इथे काकांना माहीत नव्हतं असं नाही. हे नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढे सगळा घोळ याच जागी झाला. तो कोण आहे हे काकांना कळलं, त्याच्यासाठीच ते कुलूप बदललं होतं हे आठवलं, बाईंचा तो ओठही आठवला. हातातली कानस त्यांनी खाली ठेवली.

"केंद्रातून निरोप आला तर देईन," ते म्हणाले. आवाज म्हणावा तेवढा ठाम नव्हता.

तो हसला. "आता आमचा संसार केंद्र चालवणार का, काका? भांडण झालं होतं, मिटलं. तीच म्हणाली घरी या म्हणून. तिला शाळेतून यायला तीन वाजतात, तोवर मी जिन्यात बसू का? तुम्ही वडीलधारे आहात. तुमच्या घरात कधी आवाज चढला नाही?"

चढला होता. कुणाच्या घरात चढत नाही? काकांनी त्याच्याकडे पाहिलं. दाढी केलेली, बुटांना पॉलिश, बोलण्यात अदब. असा माणूस बाईवर हात टाकतो म्हणजे बाईनेही काही कमी ताणलं नसणार, असं त्यांच्या मनात आलं. हो, आलं. शिकवणीत दोन दुपारी बसून, काचेला स्टिकर लावून, अकरा दारांची कुलपं बदलून मनात आलं ते हेच. त्यांनी उठून एकशे त्रेपन्न नंबरची किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. वर शहाणपण पाजळलं, "बाईमाणसाला जरा गोडीगुलाबीने घ्यावं. ताणू नका आता." तो वाकून नमस्कार करून गेला. काकांना दुपारपर्यंत फार बरं वाटत होतं. एक मोडलेलं घर आपण सांधलं, असं वाटत होतं.

तीन वाजता बाई घरी आल्या तेव्हा तो आत खुर्चीवर बसून होता. साडेतीनला शेजारच्यांनी दार ठोठावलं, तोवर बाईंचा उजवा हात मनगटाशी मोडला होता आणि चष्म्याचा चुरा झाला होता.

बुधवारी सकाळी केंद्राचा निरोप आला, कुलूप पुन्हा बदलायचं आहे. पत्ता ग्रंथपालबाईंचा होता. अर्ध्या तासात जातो म्हणणाऱ्या माणसाला पाच मिनिटांची वाट चालायला पाऊण तास लागला.

बाई आतल्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. हात प्लास्टरमध्ये, डोळ्यांवर कुठला तरी जुना चष्मा. त्यांनी काकांकडे पाहिलं आणि मान हलवली, बस एवढंच. ताई दारापाशी येऊन हळू आवाजात बोलू लागल्या.

"दार फोडलेलं नाही. किल्ली त्याच्याच खिशात सापडली. तो म्हणतो, हिनेच बोलावलं, हिनेच दिली. सोमवारी तारीख आहे. त्याला या घराजवळ फिरकायची मनाई आहे ना, ती उठवा म्हणून त्याच्या वकिलाने गेल्या महिन्यातच कोर्टात अर्ज टाकलाय. बाईच किल्ली देते म्हटल्यावर मनाई कशाला, असं म्हणणार ते."

"मग बाई काय म्हणतात?" काकांनी कुलपात तोंड घालून विचारलं.

"काहीच म्हणत नाही. मी विचारलं, दिली होतीस का, खरं सांग, मी रागावणार नाही. नुसती बघत राहिली." ताईंनी सुस्कारा सोडला. "देतात हो बायका. दहा वेळा बाहेर काढतात आणि अकराव्यांदा स्वतःच देतात. काय बोलणार?"

काकांच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायला ते गुडघ्यांवर बसले आणि स्क्रू सापडल्यावरही तसेच बसून राहिले. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ताई हाताच्या अंतरावर उभ्या होत्या, बाई भिंतीपलीकडे. काकांनी तोंड उघडलं आणि त्यातून काय निघालं? "हे कुलूप चांगलं आहे. अस्सल पितळ."

काम झालं. त्यांनी किल्ल्या ताईंच्या हातात दिल्या, आत न बघता जिना उतरले आणि खाली आल्यावर हात सवयीने शर्टाच्या खिशाकडे गेला. आत किल्ली होती. तिसरी. कधी टाकली ते त्यांना आठवेना. डोकं बिनचूक म्हणे! ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर परत चढले, कठड्याला धरून थोडा वेळ उभे राहिले, आणि मग खाली उतरून घरी गेले.

जेवताना बायकोने त्यांचं ताट पाहिलं. चाळीस वर्षं ती ते ताट वाढत होती, तिच्यापासून काय लपणार?

"काय झालंय?"

काकांनी सांगितलं. म्हणजे किल्ली दिल्याचं सांगितलं. आपण त्याला ओळखलं होतं, हे सांगितलं नाही. आणि ते गोडीगुलाबीचं तर नाहीच.

बायकोने हातातला डाव खाली ठेवला. मग हिशेबी आवाजात म्हणाली, "कुणाला बोलू नका. लोक उद्या विचारतील, आमची किल्ली कुणाकुणाला दिलीत. ती फळी आहे म्हणून दुकान आहे. सोमवार जाऊ दे."

"हं."

"तुम्ही काय मुद्दाम केलंत थोडंच?"

काकांनी ताट पुढे सरकवलं.

बायको ताटं उचलायला उठली आणि मोरीपाशी थांबली. "कुठला हात मोडलाय तिचा?"

"उजवा."

"मग वेणी कशी घालते?" ती म्हणाली. त्यानंतर दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली, पण त्यांच्या तोंडाकडे न बघता.

गुरुवारी प्रोफेसर घरच्या चपलांत दुकानासमोर हजर झाले. काकांनी किल्ली देण्याआधी बिल्ल्यावरचा नंबर इतक्या वेळा वाचला की प्रोफेसर म्हणाले, "बरं नाही का?" एकशे त्रेपन्नचा खिळा रिकामा होता. दीडशे किल्ल्यांत एक रिकामा खिळा कुणाला दिसणार? पण काकांना दुसरं काही दिसतच नव्हतं. काचेवरचं स्टिकर काढावं असं त्यांना वाटलं. नखाने एक कोपरा सोलला, मग रस्त्यावरून कुणी तरी बघतंय असं वाटून तो पुन्हा चिकटवला. शुक्रवारी त्यांनी दुकान उघडलंच नाही.

शनिवारी चार वाजता केंद्रात महिन्याची बैठक होती. लांब टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, ताईंची चहाची किटली. काका नेहमी खिडकीजवळ बसत, त्यांनीच दुरुस्त केलेल्या त्या कडीशेजारी. आज ते दाराजवळ बसले. समोर औषधवाल्या बाई, शिवणाऱ्या मावशी, वही घेऊन पोलीसबाई, आणि टेबलाच्या टोकाला स्वतः ग्रंथपालबाई, मांडीवर प्लास्टरचा हात. सोमवारच्या तारखेची तयारी करायची म्हणून ताईंनी त्यांना बोलावलं होतं.

ताईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी सगळ्यांसमोर, आवाजात साखर घालून. "किल्ली त्याच्याकडे कशी गेली, एवढं तरी सांग. आम्ही सगळे तुझ्याच बाजूचे आहोत."

बाई टेबलाकडे बघत राहिल्या. मावशींनी औषधवाल्या बाईंकडे पाहिलं आणि औषधवाल्या बाईंनी कपातल्या चहाकडे. ती नजर काकांना पुरती कळली. मंगळवारी स्वतःच्या दुकानात त्यांनी याच नजरेने या बाईकडे पाहिलं होतं, आणि तेव्हा तर ती तिथे हजरसुद्धा नव्हती.

"मी दिली," काका म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. काकांनी घसा खाकरून पुन्हा सांगितलं. तिसरी किल्ली, फळी, मंगळवार, सकाळचे दहा. बोलताना त्यांचे कान तापले होते, शब्द एकमेकांत अडकत होते. सगळं सांगून झालं आणि ते आता आकाश कोसळेल म्हणून मान खाली घालून बसले.

कोसळलं काहीच नाही. उलट मावशी म्हणाल्या, "अरे देवा. तुम्हाला काय ठाऊक असणार!" औषधवाल्या बाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. "इतक्या किल्ल्यांमध्ये कुठली कुणाची, कसं लक्षात राहणार माणसाच्या?" ताईंचा चेहरा आधी पांढरा पडला होता, पण त्याही म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत हेच खूप आहे, काका." पोलीसबाईंनी तर लगेच वही उघडली. सोमवारसाठी जबाब हवा होता. त्या लिहीत लिहीत मोठ्याने वाचू लागल्या, "सदर इसमाची ओळख नसल्याने, अनवधानाने, किल्ली त्याच्या ताब्यात दिली."

अनवधानाने. काय पण ऐसपैस शब्द होता! आत जाऊन पाय पसरून बसावं असा. काकांनी पाण्याचा ग्लास उचलला. आता फक्त सही करायची आणि घरी जायचं. बाईंवरचा आळ जाईल, मनाई कायम राहील आणि काका म्हातारपणी थोडे विसराळू झाले एवढंच गल्ली म्हणेल. त्यात कुणाचं काय बिघडत होतं?

"खोक्यावर लिहिलं होतं," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज ऐकून सगळे त्यांच्याकडे वळले.

"लॅचच्या खोक्यावर. आत तीन किल्ल्या आहेत, असं. मला दोनच मिळाल्या. पहिल्यांदाही आणि परवाही." त्या काकांकडे बघत होत्या, पण रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. विचारावंसं वाटलं. पण तुम्ही केंद्राचे. एवढ्या धावपळीत माझ्यासाठी आलेले. तुमच्यावर शंका घ्यायची मला लाज वाटली."

"अगं, मग मी विचारलं तेव्हा तरी बोलायचंस," ताई म्हणाल्या.

"तुम्ही मला विचारत होतात ताई, मी दिली का म्हणून. काकांचं नाव घेतलं असतं तर तुम्हाला खरं वाटलं असतं का?"

ताईंनी उगाचच किटलीचं झाकण उघडून परत लावलं.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज त्यांना चार दिवस वाटतच होती, पण ती लपवायची लाज होती, लोकांच्या तोंडाची लाज. हिला वाटलेली लाज निराळी होती. आपल्या जिवाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात जाताना बघून ही बाई लाजून गप्प बसली होती, का तर माणूस भला आहे. आणि तो भला माणूस आता अनवधानाखाली सही करायला निघाला होता.

"तो शब्द खोडा," काका पोलीसबाईंना म्हणाले.

"कुठला?"

"अनवधानाने. आणि ओळख नसल्याने, तेही खोडा. मी ओळखलं होतं त्याला. नवरा आहे, त्याच्यासाठीच कुलूप बदललंय, सगळं माहीत होतं." मावशींच्या तोंडून काही तरी निघालं, पण काका थांबले नाहीत. थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "तो म्हणाला, भांडण मिटलं. मला ते खरं वाटलं असंही नाही. मला वाटलं, बाईच जास्त ताणत असेल. असं वाटलं म्हणून दिली. वर त्याला म्हटलं, बाईमाणसाला गोडीगुलाबीने घ्या. हे लिहा. जसं म्हटलं तसं लिहा."

औषधवाल्या बाईंनी पाण्याचा ग्लास परत स्वतःकडे ओढला. त्यांच्याही ते लक्षात आलं नसेल, हातानेच केलं. पोलीसबाईंनी दोन ओळींवर काट मारली आणि नव्याने लिहायला घेतलं. काकांनी वाचलं, खाली सही केली. आजवर दीडशे दारांवर विश्वासाने उभं राहिलेलं आपलं नाव त्यांना फार लहान दिसलं.

"सोमवारी हे असंच सांगाल?" ग्रंथपालबाईंनी विचारलं. "तो समोर असेल. त्याचे वकील तुम्हाला हसतील."

"असंच सांगेन."

"मग ती द्या."

काय द्यायचं हे काकांना विचारावं लागलं नाही. किल्ली बुधवारपासून खिशातच होती. शर्ट दोनदा बदलला तरी या खिशातून त्या खिशात आली होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि बाईंच्या बाजूला सरकवली.

बाईंनी पर्समधून किल्ल्यांची कडी काढली. कडीत दोन किल्ल्या होत्या. तिसरी घालायची तर कडीच्या दोन वेढ्यांमधली फट नखाने उघडून धरायला लागते, दुसऱ्या हाताने किल्ली आत सरकवायला लागते. बाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. त्यांनी कडी प्लास्टरखाली दाबून धरली आणि डाव्या हाताने फट उघडायचा प्रयत्न केला. कडी निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. काकांचा हात आपोआप पुढे झाला. हे काम त्यांनी हजार वेळा केलं होतं, डोळे मिटून केलं असतं.

बाईंनी मान वर करून त्या हाताकडे पाहिलं.

काकांनी हात मागे घेतला. टेबलाभोवतीचं कुणीही उठलं नाही. बाईंनी कडीचं एक टोक दातांत धरलं, किल्ली फटीत अडकवली आणि अंगठ्याने थोडी थोडी ढकलत नेली. खूप वेळ लागला. काका दोन्ही हात मांडीवर ठेवून, ती किल्ली आत जाईपर्यंत बघत बसले.